बाहेरच्या बाजूची कडी

१

जुन्या लाकडाला नवं भोक पाडायचं नाही. बसच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात मी लागलो त्या पहिल्याच आठवड्यात उस्तादाने हे माझ्या डोक्यात ठोकून बसवलं. फळी एकदा वापरली गेली की तिची भोकं ठरली. स्क्रू त्याच भोकांत गेला पाहिजे. ढिला होत असेल तर आगपेटीची काडी गोंदात बुडवून आत सारायची, पण शेजारी दुसरं भोक पाडायचं नाही, फळी कमजोर होते. एकेचाळीस वर्षं मी हा नियम पाळला. माझ्या हातचं सीट कधी हललं नाही, हे छाती ठोकून सांगतो. आता त्याचा उपयोग काही नाही, ते वेगळं.

निवृत्त झाल्यावर मी एक पार्सल पोचवणारी जुनी गाडी घेतली. मागे चारी बाजूंनी बंद पत्र्याचा डबा असतो, तसली. घरामागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली. त्या डब्यात हिचं आणि माझं चाकांवरचं घर करायचं होतं: पुढे बाक, मध्ये ओटा आणि बेसिन, मागे दार लावून घेता येईल अशी झोपायची जागा. सामान सगळं भंगारातलं. चिक्कूपणा म्हणून नव्हे, हौस म्हणून. रोज सकाळी चहा झाला की पिशवीत नट खोलायचे दोन पाने आणि टेप टाकून भंगारवाल्याकडे जायचं, ढीग उपसायचे, आणि मिळेल ते हातगाडीवर घालून आणायचं.

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यात एकच गोष्ट हवी होती. नऊ वर्षांपूर्वी मुलाने घर वाढवलं तेव्हा आम्ही 'तात्पुरते' मागच्या खोलीत गेलो. त्या खोलीला खिडकी नाही, आणि हिला दमा. नऊ वर्षं ही सगळ्यांच्या आधी उठून स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभी राहायची, पोटभर श्वास घ्यायची, आणि सून उठायच्या आत परत यायची. यंदा सुनेने आमच्या खोलीत जागच्या जागी चालायची मशीन आणून ठेवली. रोज अर्धा तास चालून ती जिथल्या तिथे असते. आमचंही तसंच होतं, फक्त आम्हाला कुणी मशीन घेऊन दिली नव्हती.

"मला उशाशी खिडकी द्या," ही म्हणाली. "डोळे उघडले की बाहेरचं दिसलं पाहिजे. बाकी तुमचा पसारा कसाही लावा."

"देतो की," मी म्हणालो. बोलायला काय जातंय?

२

भंगारवाल्याकडे ढीग वेगवेगळे होते. दवाखान्यातलं एकीकडे, हॉटेलांतलं दुसरीकडे, मोडलेल्या गाड्यांतलं तिसरीकडे, आणि कशातच न बसणारं भिंतीला टेकवून. पहिल्या दिवशी मी हॉटेलांच्या ढिगातून एक घडीचं टेबल काढलं. त्याच्या बिजागरीला तीन भोकं होती, आणि तिसरं जरा खाली घसरलेलं. करणाऱ्याचा हात चुकला असणार. असलं काम आमच्या कारखान्यात केलं असतं तर उस्तादाने कानाखाली वाजवली असती.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ढिगाच्या तळाशी एक जाड फळी मिळाली. घरी आणून टेबल तिच्यावर धरून पाहिलं. फळीला तीन भोकं होती. तिसरं जरा खाली घसरलेलं.

स्क्रू बोटांनीच आत गेले. काडी लागली नाही, गोंद लागला नाही.

"बसलं?" हिने विचारलं.

"बसलं म्हणजे? जणू एकाच घरातलं."

"दोन ठिकाणचं ना?"

"अगं, एकाच कारखान्यात ढिगाने माल निघतो. साच्यालाच चूक असेल, तर शंभर टेबलांना तीच चूक." मला स्वतःला हे पटलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, त्यात कावळ्याला काय विचारायचं? हिने फळीवरून बोट फिरवलं आणि बोट पदराला पुसलं.

त्यानंतर जे आणलं ते बसत गेलं. बेसिनचा कठडा, कपाटाची दोन दारं, टॉवेलची दांडी. कापावं लागलं नाही, तासावं लागलं नाही. एकेचाळीस वर्षांत नव्या मालालाही इतकं सुख मला मिळालं नव्हतं. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू?

३

मग पलंग आला, आणि त्याच्या पाठीमागे लावायची प्लायवूडची भिंत. भिंतीला खिडकीचं चौकोनी तोंड आधीच कापलेलं होतं. पलंगाच्या चार ब्रॅकेटांची भोकं भिंतीवर होती, चारी जुळली. पण जुळली ती अशी, की खिडकी पायाशी आली. आणि पायाशी म्हणजे वर, छताला लागून. पलंगाची ती बाजू निमुळती, तिकडे डोकं ठेवायला जागा नाही. उशाशी नुसतं प्लायवूड.

ही आत जाऊन आडवी झाली. मी बाहेर उभा होतो.

"आभाळाची पट्टी दिसते," ती म्हणाली. "वीतभर."

"आभाळ काय वाईट आहे?"

"अहो, इथे उशाशी कापा ना. करवत आहे की तुमच्याकडे."

वरच्या तोंडासमोरचा पत्रा मी कापलाच होता. पत्र्याला नियम नाही, नियम लाकडाचा. पण ही भिंत जुनी, तिला नवं तोंड पाडलं की तिच्या अंगातला जोर गेला. मी तिला हे समजावून सांगितलं. ती आडवीच होती. पाठीखाली हात घालून पाहिला, मग म्हणाली, "या पलंगाला खळगा पडलाय. कुणीतरी फार दिवस झोपलंय इथे. आणि माझ्याच उंचीचं."

"मग बरंच झालं," मी म्हणालो.

आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

४

शेवटी दार. झोपायची जागा आणि ओटा यांच्यामधलं. ते मला भिंतीला टेकवलेल्या मालात मिळालं. बिजागरीच्या खाचा बरोबर चौकटीच्या खाचांवर आल्या, आता त्याचं मला नवल राहिलं नव्हतं. पण कडीची भोकं बाहेरच्या अंगाला होती. ओट्याच्या बाजूला. आतल्या अंगाला कडीचं नावनिशाण नाही.

झोपायच्या जागेला बाहेरून कडी कोण लावतं?

"दार उलटं लावा," ही म्हणाली.

"खाचा उलट्या बाजूला जातात."

"मग कडी आतून लावा."

"चार नवी भोकं पाडावी लागतील."

"मग कडीच नको!"

"गाडी वळणावर गेली की दार आपटेल. सबंध चौकट खिळखिळी होईल. कडी हवी."

तेव्हा ती चिडली. आमच्या संसारात ती चारपाचदाच चिडली असेल, आणि दर वेळी माझ्याच बाजूने चूक होती, हे मला ती चिडून झाल्यावर कळायचं. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा! कारखाना गेला, उस्ताद गेला, आणि तुम्ही भोकं सांभाळत बसलाय. नऊ वर्षं मी बिनखिडकीच्या खोलीत काढली. आता तुम्ही मला डब्यात घालून बाहेरून कडी लावणार?"

"कडी लावतंय कोण? दार धरून ठेवायला आहे ती."

"चार भोकं, अहो. चारच."

मी जुन्या भोकांत कडी बसवली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. ही चहा आणून पायरीवर ठेवायची आणि जायची.

५

दार लावून झाल्यावर तीन दिवसांनी मी त्याची आतली बाजू पहिल्यांदा नीट पाहिली. गुडघ्याच्या उंचीवर, हातभर जागा गुळगुळीत झाली होती. पॉलिश करून येते तशी चकाकी नव्हे. बसमध्ये उभं राहणाऱ्यांसाठी जी दांडी असते, तिला लोकांच्या तळहातांनी येते ती. ती मी ओळखायला चुकणार नाही. तशी झळाळी यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि रोज शेकडो हात लागतात. इथे एकाच हाताची रुंदी होती. वरून खाली, वरून खाली.

पलंगावर कुशीवर झोपलं तर हात तिथेच पोचतो. मी झोपून पाहिलं. माझा पोचला.

मी स्वतःला समजावलं. आजारी माणूस असेल एखादं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला असले चाळे लागतात. आणि कडी? आजारी माणूस पडू नये म्हणून. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. उत्तरं जोडत गेलं की ती एकमेकांत बसतही होती, तिथेही मला भोक पाडावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, मी गाडीखाली शिरून पाण्याचा पाइप आवळत होतो. वर आवाज आला. सर्र. थांबून पुन्हा सर्र. पॉलिश पेपर नव्हे, त्याला खरखर असते. हा मऊ होता. मला वाटलं, हिचा राग निवळला, ही आत येऊन पुसपास करतेय. मला इतकं बरं वाटलं की मी खालूनच म्हणालो, "राहू दे, धूळ मी पुसतो."

आवाज थांबला.

मी अंग ओढत बाहेर आलो तर ही घराच्या पायरीवर कप ठेवत होती. "कुणाशी बोलताय?" चार दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

"कुणाशी नाही," मी म्हणालो. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, काढून टाका ते दार. आणि मला ते काढायला लागलं असतं.

ती गेल्यावर मी आत जाऊन त्या जागेवर हात ठेवला. ऊन तिथे पोचत नाही. तरी ती कोमट होती.

६

त्यानंतरच्या सकाळी मी भंगारवाल्याकडे जायला निघालो. कारखान्यातली माझी एक सवय आहे. दिवसाचं काम सुरू करण्याआधी आणि गाडी सोडण्याआधी मी पुढून मागे जातो आणि हाताला येईल ती कडी लावतो. त्या दिवशीही कपाट लावलं, खण लावले. मागचं, झोपायच्या जागेचं दार अर्धवट उघडं होतं. आतून आवाज येत होता. सर्र.

मी आत पाहिलं नाही. दार ओढलं, कडी सरकवली, आणि गाडीतून उडी मारूनच उतरलो. साठी उलटलेला माणूस, भर सकाळी, स्वतःच्या हाताने बांधलेल्या घरातून पळाला.

भंगारवाला तारांची गुंडाळी करत बसला होता. मी विचारलं, "मी नेलेलं सामान एकाच गाडीतलं आहे का?"

"चार ढिगांतून तुम्हीच उचललंत की, मिस्त्री."

"ढिगांत ते आलं कुठून?"

त्याने हातातलं काम ठेवलं. "एकाने आणून टाकलं. टेम्पो भरून. मी म्हटलं, ओता एका कोपऱ्यात. तर नाही म्हणाला. टेबल तिकडे, दार इकडे, स्वतः वाहून वाहून टाकलं. घामाघूम झाला होता बिचारा. म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाला, एकत्र नको."

"एकटाच होता?"

"एकटाच. सगळं उतरवून झालं, टेम्पो रिकामा झाला, मागचं दार लावलं, तरी त्या दाराला कान लावून उभा. मी हाक मारेपर्यंत." तो हसला. "माणसं भेटतात एकेक. आज काय हवंय?"

"काही नको," मी म्हणालो. दुपार होईपर्यंत मी घरी न जाता रस्त्यांवर फिरत राहिलो, आणि वाटेत ठरवलं. पन्नास भोकं पाडायची वेळ आली तरी पाडीन. कडी उखडीन, दार फेकून देईन, उशाशी हातभर रुंद खिडकी कापीन. आणि हिची माफी मागेन, तीही मोठ्याने, सुनेला ऐकू जाईल अशी.

७

घरी सून मशीनवर चालत होती.

"आई कुठे आहे?"

"सकाळपासून दिसल्या नाहीत, बाबा. चादर आणि उशी घेऊन गाडीकडे जाताना पाहिलं होतं. मग तुम्हीही निघालात, म्हटलं दोघं बरोबर गेलात."

मी ड्रिल उचललं होतं, ते हातातच राहिलं. अंगण कसं ओलांडलं आठवत नाही. चार तास. दम्याचं माणूस, वीतभर झरोका, आणि बाहेरून कडी. कडी मी लावली होती. आतला आवाज ऐकून, आत कोण आहे हे न पाहता, माझ्या ह्या हाताने. तिने हाक मारली असती तर सुनेला ऐकू गेली असती. मग तिने मारली का नाही?

कडी काढली आणि दार आत लोटलं. अर्ध्यावर ते थांबलं.

ही पलंगावर बसली होती. भिंतीकडे जागा सोडून, अगदी कडेला. चादर नीट घातलेली. चेहरा शांत. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक. ते दोन्ही हात मी पाहिले. मी पुन्हा पुन्हा पाहिले, कारण दाराच्या मुठीवर माझा हात होता आणि दार थरथरत होतं. पलीकडून, आतल्या अंगाने, गुडघ्याच्या उंचीवर, कुणीतरी तळहात फिरवत होतं. वरून खाली. मग थांबून पुन्हा.

हिची नजर माझ्याकडे नव्हती. दाराच्या मागे, खाली, कुठेतरी होती. आमचा मुलगा लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा ती रात्रभर त्याच्याकडे बघत होती, तशीच.

"अगं, बाहेर ये," मी म्हणालो.

"हळू बोला," ती म्हणाली.

डोकं आत घालून मान वळवली असती तर मला दिसलं असतं. तेवढंच करायचं होतं. ड्रिल हातात होतं, बायको दोन हातांवर होती. तिला दंडाला धरून ओढता आलं असतं. मी बसच्या बॉडी उचलल्यात. पण मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि दार पाहिजे तेवढंच उघडं धरून राहिलो, कारण मी भित्रा आहे. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"मी खिडकी कापतो," मी म्हणालो. "आत्ता. उशाशी."

"नको."

"तूच तर म्हणत होतीस."

"आता नको. आत उजेड येईल." मग, फार मायेने, जशी ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती, तशी म्हणाली, "अहो, कडी लावा."

लग्नाला अडतीस वर्षं झाली. तिने मागितलेली आणि मी लगेच दिलेली ही पहिली गोष्ट.

८

आठवड्याने आम्ही निघालो. मुलाने हात केला. "आई?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "झोपलीये," आणि त्याला ते पुरलं. सून तर त्याच्याही आधी आत गेली होती.

आता चार महिने झाले. सुरुवातीला ही जेवायला बाहेर यायची. मग ताट दारातून आत सारायला लागलो. ताट स्वच्छ परत येतं. दमा गेला तिचा. मी दाराला कान लावतो तेव्हा श्वासाची घरघर तर नाहीच, श्वासही ऐकू येत नाही. "बरी आहेस ना?" म्हणून विचारलं की "हो" म्हणते.

जिथे जिथे जायचं ती म्हणायची, तिथे तिथे मी गाडी नेतो. गाडी अशी लावतो की तिच्या उशाचा पत्रा त्या बाजूला येईल. मग ओट्याशी स्टूल घेऊन दाराला लागून बसतो आणि गाडीच्या बाजूच्या उघड्या दारातून जे दिसतं ते सांगतो. आज खाली दरी आहे. पलीकडच्या डोंगरावर ढगाची सावली सरकतेय. एक बाई कपडे वाळत घालतेय, चादर वाऱ्याने तिच्या डोक्यावरच आली. ही हसते. "अजून काय दिसतं?" विचारते. मी सांगतो. मी बोलत असलो की आतला तो सर्र आवाज थांबतो, आणि मी थांबलो की सुरू होतो.

काल समुद्र होता. आयुष्यात तिने पाहिला नव्हता, म्हणून मी सगळं सांगितलं. रंग सांगितला, होड्या मोजून सांगितल्या, लाट येताना कशी पाठ उचलते ते सांगितलं. माझा घसा सुकला. मी थांबलो.

"अजून?" आतून विचारलं.

तो आवाज हिचा नव्हता. मी हिला नावाने हाक मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. कुणी ओ दिली नाही. दार गुडघ्याच्या उंचीवर हलकेच थरथरायला लागलं. माझा हात कडीवर होता, कडी पुरती लागलीये का ते मी चाचपून पाहिलं, आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून मी सांगायला लागलो.